आधी हवा, मग नट

शहापूरला आमच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यातल्या एका पत्र्याचा कोपरा तुटलेला आहे, आणि दरवर्षी जून लागला की त्याखाली एक पातेलं ठेवावं लागतं. तो कोपरा मी तोडला, स्कूटरच्या चाकाने. वडिलांच्या चेतकची स्टेपनी तीन-चार वर्षं मागे नुसती लटकलेली होती. अंगठ्याने दाबली तर मऊ लागली. म्हटलं, हवा गेलेलीच आहे, आणि १३ चा पाना लावून रिमचे नट सोडायला बसलो. चार नट सुटले. पाचवा सुटता सुटता अडला, म्हणून जोर लावला. पुढचं दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. रिमची वरची फाक माझ्या कानाजवळून गेली, पत्र्याला लागली आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडली. आई बाहेर आली, तिने आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "डोकं आहे ना जागेवर?" एवढंच विचारलं. ते दोन्ही अर्थांनी होतं.

चाकात फार तर १०-१२ पीएसआय हवा उरली असेल. तेवढी पुरली.

म्हणून ज्यांच्या गोठ्यात, पडवीत किंवा ताडपत्रीखाली चेतक, बजाज सुपर, विजय सुपर, एलएमएल वेस्पा यांपैकी एखादं धूड उभं आहे आणि ते पुन्हा रस्त्यावर काढायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तीनचाकी रिक्षा चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल, पण त्यांच्यातही नवी पोरं आली आहेत.

या सगळ्या गाड्यांचं चाक सायकल-मोटरसायकलीसारखं अखंड नसतं. दोन उथळ पराती पाठीला पाठ लावून ठेवल्या तर जशा दिसतील, तशा पत्र्याच्या दोन फाका आणि मध्ये त्यांना जोडणारे नट. नट सोडले की फाका वेगळ्या होतात आणि टायर हाताने निघतो. टॉमी घालून टायरची कड ताणायची नाही की मशीन नको. ही युक्ती वेस्पाच्या जन्मापासूनची आहे. १९४६ साली इटलीत पियाजिओ कंपनीची वेस्पा आली, ती बनवणारे कोराडिनो द'आस्कानिओ मूळचे विमानांचे अभियंते. त्यांना मोटरसायकल आवडत नसे. तेल उडतं, साखळीने कपडे खराब होतात आणि पंक्चर झालं तर चाक काढणं महाकठीण. त्यांनी पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे दुसऱ्या बाजूने ते सरळ ओढून काढता येतं. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर काढल्या, परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. चाक मात्र तेच राहिलं.

त्याची सोय काय होती हे मी लहानपणी म्हशाच्या जत्रेहून येताना पाहिलं आहे. पौषातली थंडी, आई मागे घोंगडी कवटाळून बसलेली, मी पुढे उभा, आणि मुरबाडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. वडिलांनी विजेरी माझ्या हातात दिली, पाच नट सोडले, स्टेपनी चढवली, पुन्हा पाच नट. पुढचं, मागचं आणि स्टेपनी, तिन्ही चाकं एकच, कुठलंही कुठेही बसतं. जत्रेतून आणलेली रेवडी मी खाऊन संपवायच्या आत आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो होतो.

आता आसनगाव किंवा सरळगावच्या नाक्यावर चेतक घेऊन गेलात तर पंक्चरचं दुकान सांभाळणारा पोरगा आधी चाकाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे. त्याचा दोष नाही. त्याचं सगळं आयुष्य ट्यूबलेसमध्ये गेलं आहे: सुईने वात खुपसायची, शेपूट कापायची, पैसे घ्यायचे. आमच्या एका ओळखीच्याच्या चेतकला अशाच एका दुकानात वात खुपसून दिली होती. आत ट्यूब आहे हे दुकानदाराला कळलंच नाही, आणि एका भोकाची तीन भोकं झाली. तेव्हा हे काम घरी शिकून घेतलेलं बरं. अवघड नाही. फक्त क्रम चुकता कामा नये.

त्या क्रमाचं कारण आकड्यात सांगतो. चेतकचा टायर ३.५०-१० मापाचा, म्हणजे साडेतीन इंच जाड आणि रिम दहा इंची. एकट्याने चालवताना मागच्या चाकात २५ पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस इंचावर २५ पौंडांचा दाब. टायरच्या बगलेच्या ज्या भागाचा रेटा थेट रिमच्या कडेवर येतो, तो ढोबळ हिशेबाने ६५ चौरस इंच भरतो. गुणाकार केला की सोळाशे पौंड, म्हणजे सातशे किलोंच्या आसपास. भाताची ५० किलोंची चौदा पोती एका फाकेला आतून बाहेर ढकलत असतात आणि त्यांना पाच नटांनी थोपवलेलं असतं. एकेक नट सोडत गेलात की चौदा पोत्यांचं ओझं उरलेल्यांवर येतं. शेवटच्या नटाचे दोनच आटे उरले की ते फाटतात. मग पत्रा तुटतो, किंवा नशीब वाईट असेल तर जबडा.

जुने ट्रकवाले हे जाणतात. नाशिक हायवेवर पूर्वी ट्रकच्या रिंगवाल्या चाकात हवा भरताना रिंगमधून साखळी ओवून ठेवत, आणि भरणारा समोर बसत नसे. स्कूटरचं चाक लहान दिसतं म्हणून आपण त्याला मान देत नाही, एवढाच फरक.

म्हणून पहिलं काम: वॉल्वची टोपी काढा आणि आतली पिन खोलून पूर्ण बाहेर काढा. नुसती दाबून फुस्स करू नका. हवा थोडी उरतेच आणि फसवते. पिन बाहेर काढली की ती शर्टाच्या खिशात ठेवायची. खिशात पिन नसेल तर पान्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. वॉल्व चिखलाने किंवा गंजाने तुंबलेला असेल तर पिन काढूनही हवा निघत नाही. आत पातळ तार घालून बघा, आणि टायर दोन्ही हातांनी दाबून तो रिमपर्यंत चेपतो का ते पाहा.

हे चाक गाडीवर असतानाच करायचं, कारण चाकावर नट दोन प्रकारचे असतात. एक, चाकाला ड्रमशी धरणारे. दुसरे, दोन फाका एकमेकींना धरणारे. चेतकवर दोन्हींना १३ चाच पाना लागतो, आणि चिखलाने माखलेल्या चाकावर ते ओळखू येतीलच असं नाही. हवा आधीच काढलेली असेल तर चुकीचा नट सुटला तरी बिघडत नाही. ड्रमचे नट सोडून चाक बाहेर ओढलंत की जे नट चाकावरच राहिले ते फाकांचे. सोडण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कुठली बाजू बाहेर होती आणि वॉल्वचं तोंड कुणीकडे होतं, हे संध्याकाळपर्यंत कुणाच्याही लक्षात राहत नाही.

ड्रमचे नट गाडी जमिनीवर उभी असतानाच अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. मधल्या स्टँडवर चढवून सोडायला गेलात तर चाकच फिरतं. पुढचं चाक काढायचं असेल तर इंजिनाच्या बाजूला वजन ठेवून पुढे विटा लावा. मागच्या चाकाला जागा कमी पडली तर स्टँडखाली फळी घालून उंची वाढवा. काही जण गाडी सरळ आडवी पाडतात. तसं करू नका. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळतं आणि ते नेमकं विडी पेटवणाऱ्याच्या पायाशी जातं.

आता फाका. नट पूर्ण काढण्याआधी प्रत्येक आट्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि चहा घेऊन या. रॉकेल-डिझेलची धार मारू नका, रबर फुगतं. नट निघूनही फाका सुटत नसतील तर टायर रिमला चिकटलेला आहे. चाक पोत्यावर आडवं ठेवा, रिमला लागून टायरवर टाच रोवा आणि गोल फिरत फिरत दाबत जा. मग पालथं करून दुसरी बाजू. साबणाचं पाणी कडेने सोडलं तर लवकर सुटतो. छिन्नी-हातोडा काढायचा मोह होईल. रिमची कड एकदा वाकली की ती पुन्हा सरळ होत नाही, आणि तिथे ट्यूब कापली जाते.

फाका उघडल्या की आपल्या भागातला खरा शत्रू दिसतो. बाभळीचा काटा नव्हे, पाणी. शहापूर-मुरबाडचा चार महिन्यांचा पाऊस, त्यात लावणीच्या दिवसांत चिखलातून ये-जा. दोन फाकांच्या जोडातून आणि वॉल्वच्या भोकातून पाणी आत शिरतं, बाहेर मात्र येत नाही. बाहेरून रिम रुपेरी रंगात चकाचक आणि आतून पापुद्रे सुटलेले, असं मी किती वेळा पाहिलं त्याची गणती नाही. तारेच्या ब्रशने सगळा गंज घासून काढा. मग जुना पेचकस घ्या आणि जोडाच्या रेषेजवळ, नटांच्या भोकांभोवती आणि बाहेरच्या कडेवर जोर देऊन टोचत जा. टोक रुतलं, पत्रा बसला किंवा भोक अंडाकृती झालेलं दिसलं, तर ती फाक भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. मी इथे कसलीच तडजोड करत नाही, कारण चौदा पोत्यांचं गणित वेल्डिंगच्या डागाला कळत नाही. नव्या रिमची किंमत एका वेळच्या एक्स-रे आणि प्लॅस्टरपेक्षा कमीच येते.

पत्रा चांगला असेल तर रेड ऑक्साइडचा एक हात, वर इनॅमलचा एक पातळ हात, आणि दोन दिवस उन्हात. फाका जिथे एकमेकींना टेकतात तिथे आणि नटांच्या बुडाखाली रंगाचे थर चढवू नका. चालता चालता रंग चुरतो, तेवढी फट पडते आणि घट्ट केलेला नट आपोआप ढिला होतो. फाकांचे बोल्ट जागेवर गरगर फिरत असतील तरी ती फाक बाद. रंगाचं काम मे महिन्यात करावं. आषाढात रंग वाळत नाही आणि माणूसही.

टायर घेताना दुकानदार काय देतो यापेक्षा जुन्या टायरच्या बगलेवर काय छापलं आहे ते वाचा. चेतकला ३.५०-१०, जुन्या बजाज १५० सारख्या आठ इंची चाकांना ३.५०-८, रिक्षाला ४.००-८. दहा इंचीत हल्ली ९०/१००-१० हे अॅक्टिव्हाचं मापही पुढे केलं जातं, आणि ते ट्यूबलेस असतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की टायर ट्यूबलेस असला तरी तुमची रिम ट्यूबलेस नाही; हवा जोडातून निघून जाणार. आत ट्यूब हवीच. बगलेवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं रॅकवर पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, त्यावरचे रबराचे केस कितीही टवटवीत दिसोत.

ट्यूब त्याच मापाची आणि धातूच्या वाकड्या वॉल्वची. सरळ रबरी वॉल्वची ट्यूब घेऊन आलात तर बसवल्यावर पंपाचं तोंडच लागत नाही. जुनीच ट्यूब वापरायची असेल तर दोनपर्यंत ठिगळं ठीक, वॉल्वच्या मुळाशी असलेलं ठिगळ नको. आणि जुना टायर पुन्हा चढवणार असाल तर आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका. जो काटा ट्यूबला लागला तो तुम्हालाही लागेल. फडकं अडकलं की तिथे आहे तो.

आता जोडणी. मला विचाराल तर सगळ्या कामाचं मर्म ट्यूबमधल्या पहिल्या दोन फुंकांत आहे. पिन बसवा आणि ट्यूबला फक्त गोल आकार येईल एवढीच हवा भरा, ताणली जाईल इतकी नाही. सपाट ट्यूब टायरमध्ये घातली तर ती दोन फाकांच्या मध्ये उतरते, नट आवळले की चिमटते, आणि पन्नास पावलांवर बसते. ट्यूबला आणि टायरच्या आतल्या अंगाला पावडर लावा, बाळाची चालते. मग ट्यूब टायरमध्ये, आणि ज्या फाकेत वॉल्वचं भोक आहे ती आधी. वॉल्व भोकातून ओढून सरळ आणा. तिरका राहिला तर मुळाशी फाटतो. सगळं पालथं करा, दुसरी फाक वरून बसवा. इथे घाई नको. बोल्ट भोकांतून वर आले की दोन फाकांच्या फटीत सगळीकडून डोकावून पाहा. काळं काही दिसलं तर ती ट्यूब आहे. बोथट लाकडी चमच्याने आत ढकला. आमच्या घरी यासाठी भाताचा मोडका उलथणा ठेवलेला आहे. जोड खडबडीत असेल तर काही मिस्त्री जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यावर फिरवतात. चांगली सवय आहे, फक्त पट्टी फाकांच्या मध्ये अडकू देऊ नका.

नट बसवताना प्रत्येकाखाली स्प्रिंग वॉशर, तोही नवा. पाचही आधी बोटांनी, मग पान्याने एक सोडून एक: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. एकेक पुरता आवळत गेलात तर फाका तिरप्या बसतात आणि चाक लंगडतं. टॉर्कचा पाना असेल तर २० ते २५ न्यूटन-मीटर. नसेल तर वीतभर रिंग पाना आणि मनगटाचा जोर पुरे. पान्याला पाइप जोडून लोंबकळणाऱ्यांनी मोडलेले बोल्ट मी डबाभर जमवले आहेत. शेवटी चाक उन्हासमोर धरा. दोन फाकांमधून प्रकाशाची रेघही दिसता कामा नये. दिसली तर ट्यूब अडकली आहे किंवा रंग जाड आहे. दोन्हींसाठी उपाय एकच, पुन्हा उघडा. अर्थात पिन खिशात ठेवून.

हवा भरताना पहिल्यांदा ५-६ पीएसआयवर थांबा. टायरच्या बगलेवर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का बघा. नसेल तर चाक जमिनीवर आपटत फिरवा. मग सगळी हवा सोडून द्या आणि पुन्हा भरा; पहिल्या हवेत ट्यूबला पडलेल्या घड्या दुसऱ्या हवेत सुटतात. पुरती हवा चाक ड्रमवर बसवून, ड्रमचे नट आवळल्यावर भरावी आणि आपण चाकाच्या बगलेसमोर नव्हे, पुढे किंवा मागे बसावं. चेतकला पुढे १८, मागे एकटे असाल तर २५, आणि घरची मंडळी मागे बसणार असतील तर ३६. नाक्यावरचा पोरगा सवयीने सगळीकडे ३५ मारतो. पुढच्या चाकात तेवढी हवा घेऊन किन्हवलीच्या खड्ड्यांतून गेलात तर मनगटं रात्रभर ठणकतात.

रिक्षावाल्यांना दोन शब्द. ४.००-८ चं चाक याच कुळातलं, पण त्यावर स्कूटरच्या कितीतरी पट वजन. आसनगाव स्टेशनवर लोकल रिकामी झाली की तिघांच्या रिक्षात किती जण बसतात ते सांगायला नको. तेव्हा तुमच्या रिमच्या भोकांची तपासणी दर टायरबदलाला, चुकवू नका. हीच मापं हातगाड्यांना लागतात, म्हणून भंगारात रिक्षाच्या रिम स्वस्त मिळतात. त्या हातगाडीलाच लावा.

आणि छोट्या बाइकचे शौकीन. १९७३ च्या 'बॉबी' मधली राजदूत आठवणारे आता आजोबा झाले, पण होंडाच्या मंकीसारख्या लहान गाड्या जमवणारे तरुण आहेत. मंकीचं मूळ जपानमधल्या एका करमणूक बागेत, १९६१ साली मुलांसाठी केलेल्या गाडीत आहे. तिच्यानंतरच्या काही जुन्या मॉडेलांना दोन फाकांची रिम आणि ३.५०-८ टायर, म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरचंच माप. टायर-ट्यूब परदेशातून मागवण्याआधी कल्याणच्या स्कूटर-स्पेअरवाल्याकडे विचारून बघा.

चाक बसवलं की लगेच माळशेजला निघू नका. शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड अशी एक फेरी मारा, परत या, चाक गार होऊ द्या आणि ड्रमचे नट पुन्हा एकदा तपासा; एखादा पाव फेरा तरी फिरतोच. फाकांच्या नटांना हवा असताना हात लावायचा नाही, आवळायलाही नाही. तिथे शंका आली तर पिन काढून. शेवटी स्टेपनी. तिच्यात मागच्या चाकाएवढी हवा ठेवा, दर अमावस्येला गेज लावा, आणि पांढऱ्या रंगाने रिमच्या आतल्या अंगाला काम केल्याचा महिना-साल लिहून ठेवा. आमच्या स्टेपनीवर ते लिहिलेलं आहे. त्याखाली आईने खडूने "पत्रा?" असंही लिहिलं होतं, ते पहिल्या पावसात पुसलं गेलं.